बर्फाच्या खोलीची किल्ली

१० फेब्रु. १९८६, सोम.
शाळा सुटताना हेडसरांनी थांबवलं. तस्करी पकडणाऱ्या केंद्राच्या खात्याची देवबागची चौकी तपासायला एक निवृत्त जज्ज आलेत. बाहेरचे, खात्याचे नव्हेत. त्यांना मालवणी येत नाही, लोकांना हिंदी नाही. दुभाषी म्हणून मी. त्या चौकीचे मुख्य म्हणजे आमच्या माडीवरचे भाडेकरू मोघे. ऐकून म्हणाले, "बरं झालं ताई, घरचंच माणूस."

११ फेब्रु., मंगळ.
चौकीत पहिलीच आली शेवंती. नवरा भिकू, मासे मारणारा. चांदीच्या तस्करीवरून चौकीत चौकशीला नेला तो परतला नाही. मोघे म्हणत, सोडल्यावर होडी घेऊन गोव्याला पळाला. मीही तेच धरून चालले होते.
शेवंती म्हणाली, "होडी हयच आसा. मगे पोवान गेलो काय गोयांक?"
हिंदीत सांगितलं, होडी इथेच आहे, मग पोहत गेला का गोव्याला? होडी इथे तर माणूसही इथेच, म्हणत जज्ज उठले, चौकीच्या मागे गेले. बर्फाची जुनी खोली, कुलूप. मोघे म्हणाले, जाळी ठेवलीत, किल्ली सापडत नाही. जज्जांनी खुर्ची मागवली, दारासमोर बसून राहिले.
किल्ली शेवटी मोघ्यांच्याच खिशातून निघाली.
आत भिकू. उजेडात डोळे उघडेनात. शेवंती हाका मारत होती, त्याला ऐकूच येत नव्हतं. दोन्ही कानांत वाळलेलं रक्त. आणि ते हात...

१२, बुध.
शाळेत गेले. काय शिकवलं आठवत नाही. भिकू मालवणला इस्पितळात.
मोघे नेहमीसारखे विरजण मागायला खाली. म्हणाले, काल शब्द थोडे सौम्य करता आले असते. मी विरजण दिलं. का दिलं?

१४, शुक्र.
शेवंती मागच्या दाराने आली. तिच्या दिराला कोणीतरी धमकावलंय, भिकू बोलला तर चांदीच्या केसमध्ये सगळं घर अडकेल. माझा हात धरून म्हणाली, "बाई, तो कायव बोलांदे, तू सांगा नको. माका घोव जितो गावलो, पुरे." नवरा जिवंत मिळाला, तिला तेवढंच हवं.
ह्यांचंही तेच. जज्ज जातील, आपल्याला इथेच राहायचंय.

१५, शनि.
इस्पितळात जबाब. जज्जांनी खुणेने विचारलं. भिकू हळू बोलला, पण सगळं बोलला. कोणी धरलं, कोणी मारलं. मोघ्यांचं नाव तीनदा. शेवंती पायथ्याशी, माझ्याकडे बघत.
मी एक शब्द गाळला नाही.
निघताना जज्जांना विचारलं, आता काय होईल? म्हणाले, माझं काम लिहून पाठवणं. कारवाई करायची की नाही, ते खातंच ठरवणार.
तेच खातं!
शेवंती माझ्याकडे पाठ फिरवून निघून गेली.
घरी आले तर मोघे जिन्यात उभे. भिकू काय म्हणाला? त्यांनाही सांगितलं, जसंच्या तसं. मग म्हटलं, खोली रिकामी करा.
"बघू," म्हणाले, आणि वर गेले. हे ओसरीवरच होते, उठून आत गेले.