बेरिंगच्या चाकांचा छोटा हत्ती

६ नोव्हेंबर
सकाळपासनं लाईट न्हाय. सगळं यंत्रमाग बंद. लग्न होऊन ह्या कारखान्यामागच्या खोलीत आले तवापासनं एवढं गप कधी बगितलं न्हाय. माज्याच बांगड्या मला ऐकू यायला लागल्या.
शिवू उंबऱ्यात बसलेली, पाठ माज्याकडं. म्हनलं, शिवू, दूध. न्हाय वळली. परत म्हनलं. मग वरडले. पलीकडची बाई बगायला आली, काय झालं म्हनून. शिवू आपली मातीत बोट फिरवत बसलेली.
लाईट न्हाय म्हनून दुपारी झोपली बी न्हाय. माग चालू आसताना त्या भिंतीला चिकटून झोपायची सवय. तीन वर्षांची झाली आता.

७ नोव्हेंबर
ह्यांना सांगितलं. "खेळात हुती गं. तू टीव्ही बगताना माजं कुटं ऐकतीस?"
हसले. मी बी हसले.

९ नोव्हेंबर
कांड्यांवर सूत भरता भरता आज नुसती बगत बसले. मागाच्या आवाजात तोंडानं कोन बोलतंय? दोन बोटं वर, धागा तुटला. मूठ तोंडाला, चहा. टोपी सारखी केल्यागत हात, शेठ आला. आमी सगळी हातानंच बोलतो. शि. ला सगळं कळतं. मूठ तोंडाला लावली की कप आनती. सगळी म्हनत्यात लई हुशार पोरगी.
तोंडानं तिला कुनी हाक मारलीच न्हाय. मारली आसंल तर ती आमाला बी ऐकू आली न्हाय.

१२ नोव्हेंबर
अंगणवाडीच्या बाईंनी शि. च्या मागं उभं राहून टाळी वाजवली. न्हाय वळली. बाईंनी माज्याकडं बगितलं.
बाईच आमाला सरकारी दवाखान्यात घिऊन गेल्या. डॉक्टरीन चांगली हुती. म्हनली, पोरीला झोपवून डोक्याला वायरी लावून तपासायचं, दुखत न्हाय. पुढच्या महिन्याची तारीख दिली. "चुकवू नका. कानाचं जेवढं लवकर कळंल तेवढं बोलनं हाताला लागंल. आधीच उशीर झालाय." तवर घरात कशाला वळती ते बगा म्हनली.
घरी माज्या सासूबाई, आव्वांनी, हे मानलंच न्हाय. "माजा ल्योक बी चार वर्षांचा होईतो गप हुता. आता बायकोवर कसा वरडतोय बग." मग म्हनाल्या, "मी कानडीत बा इल्ली म्हनते, तू ये हितं म्हनतीस, शेजारची अक्का तेलुगूत रा म्हनती. एवढ्याशा लेकरानं कुनाचं ऐकायचं?"
आन हे म्हनाले, "टॉवेलचं गठ्ठं न्यायला छोटा हत्ती टेंपो आला की सगळ्यांच्या आधी दारात कोन पळतं? सांग की. बहिरं पोरगं पळतं व्हय?"
ते खरं हाय. टेंपो दाराला लागायच्या आधी शि. दारात आसती. ह्या एका गोष्टीवर जीव धरून हाय.

१५ नोव्हेंबर
मोठा टेंपो काय माज्या हातात न्हाय. बारका करीन. तिला दाखवायचा न्हाय, मागनं चालवायचा. वळली तर ह्यांचं खरं आन मी येडी. देवा, मला येडीच ठरव.
माग दुरुस्त करत्यात ते जॉबरमामा, त्यांच्या भंगाराच्या डब्यात हात घातला.
"काय हुडकताय वहिनी?"
"छोटा हत्ती करायचाय मामा. चाकं पायजेत."
"मग सोंड बी लावा की. नुसता टेंपो काय करायचा."
जुनी बेरिंगं दिली चार. आन मागात धागा हिकडनं तिकडं नेतो तो एक चिरलेला धोटा, होडीच्या आकाराचा. रडू यायलेलं आन तोंडातनं हसू आलं.

१८ नोव्हेंबर
बोल्टावर बेरिंग बसंना. टॉवेलची चिंधी गुंडाळून ठोकली, मग बसली. तेलाच्या डब्याच्या पत्र्याची केबिन. बोट कापलं. मागं हौद म्हनून आर्धा पावडरचा डबा, त्यात नट टाकलं, खडखड वाजायला. सोंडेला स्प्रिंग. कान ह्यांच्या जुन्या चपलेचं. टेंपो म्हनावा तर कान हलत्यात, हत्ती म्हनावा तर पुढं नंबरपट्टी.
आव्वांनी बगितला. डोळ्याला बटनं लावलीत, एक मोठं एक बारकं. "हा रागानं बगतोय. तुज्या नवऱ्यावर गेलाय." म्हनाल्या आन स्वतःच्या डब्यातनं लाल मनी काढून दिला. गंध लाव म्हनाल्या कपाळाला.
पुरा झाला की कळनार. म्हनून मुद्दाम रंगवत बसले.

२३ नोव्हेंबर
सुट्टी. माग बंद. शि. फरशीवर पाठ करून बसलेली. हे बगत हुते, आव्वा बगत हुत्या. मी दोरी वडली. बेरिंग फरशीवर, काय तो आवाज, कारखाना सुरू झाल्यागत.
वळली!!
वळली, बगितलं, सोंड बगून एवढी हसली की आडवी झाली.
ह्यांनी तिला डोक्यावर घेतलं. जिलेबी आनली, सगळ्या चाळीत वाटली. "झाला तुजा दवाखाना?" म्हनाले. आव्वांनी मीठमोहरी उतरून टाकली. मी बी जिलेबी खाल्ली. लई दिवसांनी चव लागली.

२५ नोव्हेंबर
लिहू का नको.
ती वळायच्या आधी तिनं तळहात फरशीवर ठेवला हुता. मी बगितलं हुतं. कुनाला सांगितलं न्हाय.

२६ नोव्हेंबर
जेवायच्या सुट्टीत माग थांबल्यावर चादरीच्या गठ्ठ्यांवर शि. ला बसवलं. मागनं, त्याच गठ्ठ्यांवरनं, टेंपो चालवला. न्हाय वळली. डबा उचलून कानाजवळ नट खळखळवलं. न्हाय. खाली उतरवली, फरशीवर नुसता पाय आपटला. आवाज कसला, अनवानी पाय.
लगेच वळली. हसली. तिला वाटलं खेळ हाय.

२८ नोव्हेंबर
माजी मीच खातरी केली. कानात कापसाचं बोळं घट्ट घातलं, वर पदर बांधला, मोठा टेंपो यायच्या टायमाला दारात अनवानी बसले. डोळं मिटलं.
आधी टाचंला कळलं. मग मांडीला. मग शि. माज्या आंगावरनं पळाली.

२९ नोव्हेंबर
ह्यांना सांगितलं. एवढ्या दिवसात ह्यांनी कधी हात उगारला न्हाय, आज बी न्हाय, पन बारका टेंपो उचलून भिंतीवर मारला. पुढचं एक चाक निखळलं. "तुला ती बहिरीच पायजे काय?"
शि. दोघांच्या तोंडाकडं बगत हुती. कोन काय म्हनतंय ते हुडकत हुती आमच्या तोंडावर.
तारीख जवळ आली. एकटी जाईन. बसनं जाईन. झोपली न्हाय तर? तिथं काय सांगितलं आन मला कळलंच न्हाय तर? सातवी झालेली बाई मी.

१ डिसेंबर
पानी भरून आले तर खोलीचं दार लोटलेलं. फटीतनं बगितलं. हे कामावरनं मधीच आलेले. शि. गोधडीवर बसलेली, हे तिच्या मागं गुडघ्यावर. टेंपोचं निखळलेलं चाक परत बसवलेलं. गोधडीवरनं चालवत हुते. पुढं मागं. पुढं मागं. आन हळूच म्हनत हुते, शिवू. शिवूबाई. ए माजी आये, बग की हिकडं.
मी घागर घिऊन बाहेरच थांबले.
मला बगून उठले. "चाक वाकडं बसलंय," म्हनाले. गेले.

२ डिसेंबर
जेवताना म्हनाले, "उद्या रजा टाकलीय." एवढंच. आव्वांनी शि. ला नवा फ्रॉक काढून ठेवला. तीन भाषांचं कुनी काढलं न्हाय आज.

३ डिसेंबर
दवाखान्यात बसून लिहितीय.
शि. ला झोपायचं औषध पाजलं. तरी डोळं टक्क. मांडीवर घेतली, थोपटलं, फिरवलं. दुसरी लेकरं झोपली, आत गेली, बाहेर आली. सिस्टर दोनदा येऊन गेली. "झोपली न्हाय तर दुसरी तारीख घ्यावी लागंल." दुसऱ्या तारखंला हे येतील का.
मग ध्यानात आलं. हितली भुई गप हाय. भिंत गप हाय.
ह्यांना हातानं खूण केली, बारीक चाक फिरवल्यागत. कळलं. पिशवीतनं छोटा हत्ती काढला. शि. ला बाकड्यावर निजवली आन हे तिच्या पायापाशी बसून लाकडावरनं बेरिंग फिरवायला लागले. सगळी बगायला लागली. झाडू मारनारी मावशी वरडली, "ओ दादा, आवाज बंद करा! लेकरू झोपंल कसं?"
हे म्हनाले, "त्यानंच झोपतंय, मावशी. ऐकू येत न्हाय त्याला."
पहिल्यांदा ह्यांच्या तोंडातनं.
मावशी झाडू घिऊन पलीकडं गेली.
शि. नं गाल बाकड्याला लावला. डोळं जड झालं. झोपली.
आत नेलीय. दार लावलंय. आतनं कसलाच आवाज न्हाय. डॉक्टरीन म्हनली बाहेर बसा, सांगते.
हे अजून फिरवत्यात. शि. न्हाय बाकड्यावर तरी. पुढं मागं. माज्या मांडीखाली बाकडं थरथरतंय.