पवनला काम येतं

१२ जून
कोर्टाचा कागद आला. पवनला अठरा पूर्ण झाली, म्हणून त्याच्या बापानं, केजवाल्यानं, पोटगी बंद करायचा अर्ज टाकलाय. तेव्हा लग्न करतो करतो म्हणत राहिला, पोर झाल्यावर "माझं न्हाईच" म्हणाला. रक्ताची तपासणी झाली तेव्हा कुठं कोर्टानं महिन्याचं लावून दिलं. आता म्हणे पोरगा मोठा झाला. झालाय खरा. उजवा हात-पाय जन्मापासून अधू, पण उंचीनं मला मागं टाकलंय.
अंगणवाडीत खिचडी वाटताना लक्षच न्हवतं. एका लेकराला दोनदा वाढली.

१५ जून
माजलगाव. वकीलबाई म्हणाल्या, आईबापाचं लग्न झालेलं नसलं, मूल सज्ञान झालं, तरी अपंगपणामुळं त्याला स्वतःचं पोट भरता येत नसेल तर पोटगी चालू राहते. मग विचारलं, "काही काम करतो का?" म्हटलं, दिंद्रुडात अस्लमभाईंच्या पंक्चरच्या दुकानात जातो, आवडीनं.
"तारखेपर्यंत जाऊ देऊ नका. त्यांनी फोटो काढला तर अवघड होईल."
दुकानात मिळतं त्यात त्याच्या फिटच्या गोळ्यासुद्धा येत न्हाईत. आणि मी किती दिवस पुरणार त्याला?

१६ जून
दुकानात जाऊ नको, सांगितलं एकदाचं. तेही खोटं. डॉक्टर आराम कर म्हणलेत.
"कोणते डॉक्टर? मी तर गेलोच न्हाई."
मी भाकरी थापत राहिले.
"आज ट्रॅक्टरचं चाक येणार हाय, माय. अस्लमभाई म्हणलेत, तूच खोल."
एका हातानं टायर खोलायला वर्ष घातलंय त्यानं. पण गेला न्हाई.

२४ जून
दिवसभर खाटेवर, मोबाईल. शेजारीण दारातून, "पोरगं कावून घरात हाय?" तब्येत बरी न्हाई, म्हटलं. त्यानं ऐकलं. संध्याकाळी आपणहून म्हणाला, "कोर्टामुळं ना?"
हो म्हटलं.
"मग तसं सांगायचं व्हतं."
चिडला असता तर बरं वाटलं असतं.

८ जुलै
तारीख झाली. लिहावंसं वाटत न्हाई, पण...
शपथ घेतली. केजवाल्याच्या वकिलानं विचारलं, मुलगा काम करतो का? "न्हाई." मी अगदी साफ म्हणाले. पवन मागच्या बाकावर.
मग जजसाहेबांनी त्याला पुढं बोलावलं. घरात चालतो तसा न्हाई आला. पाय फरफटत आला. जीभ थोडी अडते त्याची, पण नाव नीट सांगतो. आज "प... प..." करत राहिला. लाळ गळली, ती पुसलीसुद्धा न्हाई. ह्यातलं काहीच मी शिकवलं न्हवतं. माझ्यासाठी केलं त्यानं.
केजवाला उठला. "साहेब, नाटक हाय हे. मी सवताच्या डोळ्यानं बघितलंय. एका हातानं टायर खोलतो हा, भारी खोलतो."
साहेब म्हणाले, "समजा खोलतो. त्यात त्याचं पोट भरतं का? औषधपाणी भागतं का? मला एवढंच बघायचंय."
म्हणजे खरं सांगितलं असतं तरी चाललं असतं.
बाहेर व्हरांड्यात केजवाला पवनपाशी थांबला. जन्मापासून पहिल्यांदा बोलला त्याच्याशी. "तुला येतंय की बे काम." आणि गेला. पवन त्याच्या पाठीकडं बघत राहिला. तोंडावर हसू होतं थोडं. एवढ्या लोकांत पोराला काम येतं असं म्हणणारा तो एकटाच. त्याच्या स्वार्थासाठी का होईना. आणि मी, माय.

२९ जुलै
निकाल आपल्या बाजूनं. पोटगी चालू. वकीलबाई खूश. विचारलं, आता दुकानात जाऊ देऊ का?
"इतक्यात नको. तुम्ही शपथेवर नाही म्हणालात, बाई. समोरचे ते वर काढतील."
घरी येऊन सांगितलं, जिंकलो. पवन म्हणाला, "बरं." जेवला न्हाई नीट.

११ ऑगस्ट
अस्लमभाई स्वतः आले. "ताई, पोराला पाठवा. माझं लई अडतंय. पुढं न्हाई बसवत, मागं शेडात बसवतो. कुणाला दिसायचं न्हाई."
आतून आवाज आला. "चोरून न्हाई येणार मी." कुठं अडखळला न्हाई.
मग दारात आला. "माय, कोर्टाला सांग की. मला काम येतंय म्हणून."
अस्लमभाई खाली बघत उभे. मी म्हटलं, चहा ठेवते. आत आले तर दूधच न्हवतं. बाहेर जाऊन तसं सांगायचाही धीर होईना. ते थोडं थांबून गेले.
वकीलबाईंचा नंबर लावला आणि वाजायच्या आत कट केला. पवन अजून दारातच हाय.