स्क्रीन बंद ठेवून केलेलं बिल

बोरगाव,
८ जानेवारी २०२५

चि. पारिसा,

जय जिनेंद्र. तुला आणि सौम्याला आक्काचे आशीर्वाद. इथं आम्ही तिघंही बरे आहोत. शाळूचं पीक यंदा जोरात आहे, दाजींचा गुडघा थंडीनं धरतोय, आणि आदर्शला लग्नाचं विचारलं की तो गोठ्याकडं निघून जातो. एवढ्यात घरची बातमी संपली.

फोन न करता पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर मी विषय बदलते, तुला ठाऊक आहे. मोबाइलवर अक्षरं मोठी करून एका बोटानं लिहितेय. ईमेलनं आलं म्हणजे तुझा कॉम्प्युटर तुला वाचून दाखवेल, सौम्याला वाचत बसायला नको.

काम निपाणीच्या दुकानाचं आहे. आपल्या अण्णांच्या वेळचा कॉम्प्युटर दिवाळीच्या पाडव्याला चालू केला तो शेवटचा. त्याच्याबरोबर हिशेबाचा जुना प्रोग्रॅमही गेला. माउसला हात न लावता नुसत्या बोटांच्या सवयीनं तू चालवायचास, तोच. तेव्हापासून बिलं वहीवर करतेय. आपले सीए म्हणतात, एक एप्रिलच्या आत चांगलं सॉफ्टवेअर घ्या. जीएसटी, मालाचा साठा, ऑडिट, सगळं एका जागी पाहिजे. तीन जण विकायला येऊन गेले. तिघांचंही बोलणं गोड.

आदर्शला मोबाइलवर चालणारं हवंय. त्यात विक्री वर गेली की हिरवं दिसतं, खाली आली की तांबडं. दाजी म्हणतात, "पाइपा न् मोटरी विकायच्या दुकानाला एवढं कशाला? स्वस्तातलं घ्या." दोघांचंही बरोबर असेल. पण वापरणार मी.

न दिसणाऱ्या माणसाला एखादं सॉफ्टवेअर वापरता येतं का, हे तपासायचीच तुझी नोकरी. म्हणून तुला विचारते. माउसशिवाय चालेल असं कुठलं? अक्षरं किती मोठी करता येतात? आणि तुझ्या कॉम्प्युटरसारखं बिलातला आकडा बोलून दाखवेल असं काही असतं का? मराठीत बोललं तर उत्तम, इंग्रजीही चालेल.

एवढ्या अटी कशाला, असं वाटेल तुला. असू दे. उद्या तू दुकानात आलास तर तुलाही बसता यावं, म्हणून विचारलं.

दुकानात फोन केलास तर साडेचारच्या आत कर. हल्ली मी साडेचारच्या बसनंच निपाणीहून परतते. नंतर गर्दी होते.

तुझी
आक्का


बोरगाव,
२ फेब्रुवारी २०२५

चि. पारिसा,

तुम्हा नवराबायकोला आशीर्वाद. तिळगूळ पोचला ते सौम्यानं कळवलं. पाक जरा पुढं गेलता, दात सांभाळून खा.

तुझं उत्तर मी दोनदा ऐकलं. हो, ऐकलं. मोबाइलला वाचायला लावलं. तू लिहिलंस, "आक्का, विकणारा काय सांगतो ते सोडून दे. स्क्रीन बंद करायला लाव आणि एक बिल करून दाखव म्हण. जो दाखवेल त्याचं घे." तसंच केलं. त्यात जे झालं ते तुला सांगायला हवं.

पहिला हसला. "मॅडम, स्क्रीन बंद करून बिल कोण करतं?" म्हणाला. त्याच्याबरोबर आदर्शही हसला. दुसरा मोबाइलवाला. त्यानं मोबाइल उपडा धरून खालून दोनदा बोट फिरवलं आणि दुसरीकडं जायची वेळ झाली म्हणून उठला.

तिसरा शामू. निपाणीतलाच, चाळिशीचा, खिशाला दोन पेनं लावणारा. त्यानं मुकाट्यानं स्क्रीनची वायर काढली. पाच-सात मिनिटं बटणं दाबत राहिला, कपाळाला घाम आला. मग म्हणाला, "आक्का, मला न्हाय जमलं. पर ह्या सॉफ्टवेअरमधी जमतंय, ही बातमी खरी हाय. मला आठ दिवस द्या. शिकून येतो."

तो गेल्यावर आदर्श चिडला. "आई, हे काय चाललंय तुझं? स्क्रीन बंद ठेवून बिल करणार कोण हाय?"

"मी," म्हणाले.

दाजी मागं पाइपा मोजत होते. ते थांबले. "कवापासनं?" एवढंच त्यांनी विचारलं. काय झालं, असं विचारलं नाही. म्हणजे त्यांच्याही काही ध्यानात आलेलं असणार.

पारिसा, दोन वर्षं झाली. आधी संध्याकाळचं दिसेनासं झालं. मग बाजूचं. समोरचा माणूस दिसतो, त्याच्या शेजारी उभा असलेला दिसत नाही. शेजारच्या मालुबाई दोनदा रुसल्या, हात केला तरी बघत नाही म्हणून. साडेचारच्या बसचा आणि गर्दीचा काही संबंध नाही, अंधार पडायच्या आत घरी यायचं असतं. मिरजेच्या डॉक्टरांनी तुझ्याच दुखण्याचं नाव घेतलं. घरात आणखी कुणाला आहे का, असं विचारलं. "भावाला," एवढं सांगायला मला बराच वेळ लागला. तुझ्यामानानं माझं उशिरा आणि हळू चाललंय. अजून काही वर्षं मिळतील म्हणतात. डोळे आहेत तोवर शिकून घेतलं तर पुढं अडणार नाही, असा माझा हिशेब होता. घरात सांगायचा धीर तेवढा होत नव्हता.

शामू आठव्या दिवशी खरंच आला. आदर्शनं स्वतः स्क्रीनवर टॉवेल टाकला. कॉम्प्युटर इंग्रजीत भराभर बोलत होता आणि शामू मान हलवत बटणं दाबत होता. दोन इंची पाइप वीस नग, चार बेंड, कर धरून. प्रिंटरमधून कागद आला. आदर्शनं वाचला, मग परत वाचला. "बरोबर हाय," म्हणाला आणि बाहेर जाऊन पायरीवर बसला. मी त्याच्यामागं गेले नाही.

मग शामूनं ऑडिटचं दाखवलं. कुठलीही नोंद बदलली की कोणाच्या नावानं, किती वाजता, आधी काय होतं, नंतर काय झालं, ते सगळं मागं राहतं. "मालकानं सांगितलं तरी पुसत न्हाय बघा," म्हणाला. मी चहा सांगायला उठले.

त्याचंच घ्यायचं ठरलं. 

तुझी
आक्का


बोरगाव,
९ मार्च २०२५

पारिसा,

सौम्याला आशीर्वाद. इथं ऊन वाढलंय, शाळूची काढणी झाली.

तुझं पत्र येऊन महिना होत आला आणि मी उत्तर दिलं नाही. तू दोनदा फोन केलास तेव्हा मी गिऱ्हाइकं आहेत म्हणाले. एकदा होती, एकदा नव्हती.

तू लिहिलंस, "घाबरू नकोस. रोज तासभर फोनवर मी शिकवीन. त्या घरात तू एकटीच माझ्या बाजूची होतीस, आता माझी पाळी." दाजींना पत्र सांगताना मी शेवटचं वाक्य गाळलं. तेव्हापासून नीट जेवण जात नाही. आज सगळं लिहून टाकते. मध्ये थांबले तर परत होणार नाही.

तुला भरमू आठवत असेल. ठिबकसाठी त्यानं चाळीस हजार आगाऊ भरले होते, आणि महिन्यानं त्याच्या हातात थकबाकीचा कागद पडला. दुकानात येऊन त्यानं चार माणसांसमोर अण्णांना विचारलं, "पैसं भरून बी मीच देणं लागतोय व्हय?" अण्णांनी शोधलं. रक्कम भरमूच्या ऐवजी भरमाच्या खात्यावर पडलेली. अण्णांनी तारीख बघितली आणि तुझ्याकडं बघितलं. तू म्हणालास, "झालं असंल माझ्याकडनं."

तुझ्याकडनं झालं नव्हतं. ती नोंद माझी.

तेव्हा मी आठवड्यातून दोन दिवस मदतीला येत होते. त्या दुपारी तू जेवायला गेलतास आणि पैसे मी घेतले. भरमूनं तोंड उघडल्याबरोबर मला कळलं होतं. मी बोलणारही होते. तेवढ्यात अण्णा तुला म्हणाले, "पोरा, आता बास. उद्यापासनं आक्का बघंल." आणि मी गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी तुझ्या खुर्चीवर बसून मी ती नोंद पुसली आणि भरमूच्या खात्यावर नवी घातली. त्या प्रोग्रॅमनं काही विचारलं नाही. कुणाचंही नाव मागं राहिलं नाही.

अण्णांची भीती वाटली म्हणून गप्प राहिले, असं मी पंधरा वर्षं स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. बाप म्हणून अण्णा मला कधी रागावले नाहीत. मला ती खुर्ची पाहिजे होती. बी.कॉम. होऊन चौदा वर्षं मी चूल आणि गोठा बघत होते. तुझे डोळे जाताहेत म्हणून माझ्या पोटात तुटायचं, आणि तुझी जागा रिकामी होतेय म्हणून बरंही वाटायचं. दोन्ही एकाच वेळी. बेंगळुरूच्या अंधांसाठीच्या संस्थेत तुला पोचवायला मी आले ते मन खात होतं म्हणून. गाडीत तू माझा हात धरून झोपलास. तेव्हाही मी बोलले नाही.

अण्णांवरचा राग मनात धरून तू गेलास. ते वारले तेव्हा एक दिवस आलास आणि संध्याकाळी परतलास. दारात बसून त्यांनी तुझी किती वाट बघितली होती, ते मी रोज बघत होते. त्यांच्या वाट्याला गेलेला तो राग खरं तर माझ्यावर यायचा होता.

डोळे जायला लागले म्हणून हे सुचलं, असं समजू नकोस. कर्माचं फळ म्हणायला आपल्यात सगळे तयार बसलेले असतात, पण डॉक्टरांनी हे रक्तातून आलंय म्हणून सांगितलंय, आणि तुझं तर काहीच कर्म नव्हतं. सांगतेय ते एवढ्यासाठी, की शिकवायला बसण्याआधी आपण कुणाला शिकवतोय ते तुला ठाऊक असावं.

शिकवायचं नसेल तर शामूकडून शिकेन. त्यानं मला वाईट वाटणार नाही, असं लिहीत नाही. वाटेल. पण ते माझं मी बघेन.

चंदना


बोरगाव,
२७ एप्रिल २०२५

पारिसा,

जय जिनेंद्र. रोज सकाळी बोलतो तरी लिहितेय. आपल्या बोलण्यात बटणांशिवाय दुसरं काही येत नाही, म्हणून.

एकोणीस दिवस तुझं काही आलं नाही. त्या दिवसांत मी दाजींना आणि आदर्शला भरमूच्या नोंदीचं सांगून टाकलं. दाजी ऐकून घेऊन म्हणाले, "म्हातारा बिचारा," आणि रानात गेले. आदर्श दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "मामाचं उत्तर आलं न्हाय तर मी बेंगळुरूला जाऊन येतो." मी नको म्हणाले. तुला ओढून आणायचा आम्हाला काही अधिकार नाही.

मग तुझी एक ओळ आली. "उद्यापासून सकाळी दहाला. हेडफोन लावून बस."

पहिल्या दिवशी मी आवाजावरून ओळखलं, तू माफ केलेलं नाहीस. तरी वेळ चुकवली नाहीस. "खाली. एंटर. ऐक. परत कर." एवढंच. आक्का अशी हाकही मारली नाहीस. मी चुकले तर थांबलास, हसला नाहीस. नवव्या की दहाव्या दिवशी एका गिऱ्हाइकाचं नाव चुकलं आणि मी ते घाईनं पुसायला गेले. तू म्हणालास, "पुसू नको. दुरुस्त कर. आधीचं राहू दे तिथं."  मला वाटलं फोन कटला. कटला नव्हता, तुझ्याकडचा पंख्याचा आवाज येत होता.

परवा मी दिवसभराची बिलं स्क्रीन बंद ठेवून केली. एकतीस झाली. दोन ठिकाणी आदर्शला विचारावं लागलं. संध्याकाळी शामू पेढे घेऊन आला. म्हणाला, "आक्का, आता तुमी मला शिकवा." त्याला म्हटलं, शिकवणारा बेंगळुरूला असतो, रोज दहाला येतो.

काल शिकवणी संपली आणि फोन ठेवता ठेवता तू विचारलंस, "बेंगळुरूची बस आता गावात येते, का हायवेलाच सोडते?" मी "हायवेला" एवढंच म्हणाले. तू फोन ठेवलास. म्हणून नीट सांगते.

रात्रीची बस सकाळी पोचते. निपाणी गावात वळत नाही. आता तिथं मोठा पूल झालाय, तुझ्या वेळचं काही राहिलं नाही, तेव्हा आठवणीवर चालू नकोस. ड्रायव्हरला सांग, पुलाखालच्या रस्त्यानं घे आणि स्टँडच्या बाजूला सोड. कंडक्टरला कन्नडमध्ये सांगितलंस तर लवकर ऐकेल. उतरलास की जागचा हलू नकोस, रस्ता ओलांडायला जाऊ नकोस. दाजी गाडी घेऊन थांबतील, आदर्श पिशव्या घेईल. सौम्याला सुट्टी मिळाली तर तिलाही आण. नाही मिळाली तर एकटा ये, पण ये.

मी सहापासून उभी असेन. उजेड असला की मला समोरचं अजून चांगलं दिसतं. तू फक्त माझ्या समोर उतर.

खाली आक्का लिहिणार होते. ते आता तू तशी हाक मारलीस की लिहीन.

चंदना