बगळ्याचा डावा मोजा

१२ जून

चि. टिंबू हिस,

अ. आ. (अनेक आशीर्वाद, पैकी एक खुलासा येईपर्यंत राखून ठेवला आहे.)

तुझं पत्र पोचलं. तपासून सोबत परत पाठवतो. ‘आशीर्वाद’मधली शी दीर्घ असते. मागताना तरी माणसानं काटकसर करू नये.

आता मुद्दा. तुमच्या चित्रशाळेतून दर रविवारी टीव्हीवर ती हलती चित्रं येतात, त्यांत हल्ली एक बगळा शिरला आहे. हे बगळेगुरुजी बोलण्याआधी दोनदा खाकरतात, चष्मा कपाळावर चढवून चष्माच शोधतात आणि बुडत्या बेडकाला बाहेर काढण्याआधी त्याचं व्याकरण सुधारतात. काल मी नववीच्या वर्गात जाऊन खाकरलो, तर मागच्या बाकावरून कुणीतरी बगळ्याचा आवाज काढला. इतकी वर्षं संस्कृत शिकवतो आहे. वर्ग झोपलेला पुष्कळदा पाहिला, हसलेला प्रथमच पाहिला.

खाकरणं नि चष्मा तुला ठाऊक, हे मान्य. पण रात्री गॅस बंद केल्यावर त्या बटणालाच, बाबा रे, बंद आहेस ना, असं विचारायची खोड मला तू नोकरीसाठी गेल्यावर लागली. तो बगळाही विचारतो! लहानपणी तुला शिकवलं होतं: पर्वतावर धूर दिसला की तिथे वह्नी, म्हणजे अग्नी, असणारच. घरातली गोष्ट बाहेर जाते आहे. घरात मी, तुझी वहिनी आणि बहुधा उंदीर, कारण पेन्सिली भराभर संपताहेत. तुझी वहिनी म्हणते, बगळा म्हणजे बगळा, त्यात काय मनावर घ्यायचं. भोळी आहे बिचारी.

लोभ आहेच, वाढवायचा की नाही, ते तुझं उत्तर पाहून ठरवू.

तुझा (तूर्त तरी) दादा


२१ जून

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि. (सगळे ठिपके मोजून दिले आहेत.)

अरे, दिवसभर कुणाला ना कुणाला कशात तरी बघणं हा माझा धंदाच झालाय. कोपऱ्यावरच्या दातांच्या दवाखान्याच्या पाटीवर एक हसरी दाढ रंगवली आहे, ती हुबेहूब आमचे साहेब. साबणाच्या वेष्टनावरचं बदक इतकं वाईट काढलेलं होतं, की मी साबण बदलला. तू बगळ्यात दिसलास तर त्यात नवल काय?

पण बगळा मी काढत नाही. माझ्याकडे फक्त रंग, कपडे आणि मागचं तळं. त्याच्या आकृत्या एक बाई घरी बसून काढतात आणि टपालानं पाठवतात. तीन रेघांत मान चिडते आणि चौथ्या रेघेत विरघळते. असा हात साहेबांनी कधी पाहिला नव्हता. त्यांचं हे आयुष्यातलं पहिलंच काम. बगळा वर्षअखेरपर्यंत टिकला, तर साहेब त्यांना कायमचं काम देणार आहेत. नाव कुणाला सांगायचं नाही ही त्यांची अट, आणि मी शब्द दिलाय. त्यांच्या घरी म्हणे काहीही दाखवलं तरी आधी लाल शाई निघते.

संशयी चेहरा कसा काढतात, सांगू? बुबुळं कोपऱ्यात, मान पुढे, पावलं मागे. आत्ता आरशात बघून ये.

लोभ कमी करू नकोस. वहिनीला आठवण सांग.

तुझी टिंबू


१८ जुलै

चि. टिंबू हिस,

अ. आ. आरसा पाहिला. निंदनीय साम्य आहे.

तुझ्या पत्रातून मला हवं ते मिळालं. बाई आहेत, चित्रं काढतात, नाव लपवतात. म्हणजे आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाई! शिक्षकांच्या खोलीत त्या माझ्यासमोर बसतात, आणि परवा मी खाकरताच त्यांनी मान वर केली. निरपराध माणूस मान वर करत नाही. मी आता त्यांच्याकडे पाठ करून बसतो. गैरसोय एवढीच, की चहा त्याच बाजूनं येतो.

सापळा लावला आहे. शाळेत रोज खडूचा डबा कानाशी धरून हलवतो. घरी संध्याकाळी एकाच पायात मोजा घालून बसतो. बगळ्यानं डबा हलवला तर चोर शाळेतला, मोजा घातला तर घरावर पाळत. तुझ्या वहिनीनं विचारलं, दुसरा मोजा हरवला का. मी म्हटलं, शास्त्राचं काम आहे. ती बराच वेळ माझ्या पायाकडे बघत राहिली, मग पाठ फिरवली आणि तिचे खांदे हलू लागले. काळजीनं असेल. अंबाड्यात खोचलेली पेन्सिल उपसून स्वयंपाकघरात निघून गेली. तिथे तिला पेन्सिल कशाला लागते, देव जाणे.

लोभ चौकशीअंती.

दादा


९ सप्टेंबर

चि. टिंबू हिस,

आशीर्वाद पुढच्या पत्री.

मोजा! परवा तुमचा बगळा तळ्यात एका पायावर उभा, आणि त्या पायात मोजा. पट्ट्यापट्ट्यांचा. माझा. काल नववीचा वर्ग एकेका पायात मोजा घालून आला. मुख्याध्यापकांनी मला बोलावून, हसू गिळत, सगळं ठीक आहे ना असं विचारलं. टिंबू, हसण्यावारी नेऊ नकोस. त्या वर्गासमोर मला रोज उभं राहायचं असतं.

बाई खिडकीतून पाहतात, हे आता उघड आहे. तुझ्या वहिनीकडून जाड पडदे शिवून घेतले. तुझ्या साहेबांना तक्रार लिहिली, की बगळा काढून टाका. वहिनीला वाचून दाखवली. ती म्हणाली, भाषा छान आहे. मग चपला घातल्या आणि स्वतः जाऊन पेटीत टाकून आली. धूर पाहिला, वह्नी पुराव्यानिशी तेवढा पकडायचा राहिला.

दादा


१६ सप्टेंबर

ती. दादास,

सा. न. वि. वि.

तुझी तक्रार पोचली. साहेबांनी त्या बाईंना कळवलं. बाईंचं उलट टपाली उत्तर आलं: ज्यांना त्रास होतो त्यांच्यासाठी बगळा थांबवावा, माझी काही हरकत नाही. एवढंच. शुक्रवारी आम्ही त्याला पुसणार. मी रंगांच्या टेबलाशी बसून रडले, हे तुला मुद्दाम कळवते आहे.

नाव न सांगायचा शब्द मोडणार नाही. पण तू माझी एवढी पत्रं तपासलीस, आज मी तुझं तपासलं. सोबत पाठवते. शेवटच्या ओळीतला ‘वह्नी’ लाल केलाय, बघ. त्यात तू ह अर्धाच लिहिला आहेस. तो पुरा कर, त्याला पहिली वेलांटी दे आणि मोठ्यानं वाच.

शिवाय धूर आणि वह्नीचा दाखला तुमचं शास्त्र कुठला देतं रे? स्वयंपाकघराचा ना? मग पर्वत कशाला धुंडाळतोस?

लोभ कुणावर करायचा ते आता तूच बघ.

टिंबू


२० सप्टेंबर

चि. टिंबू हिस,

अनेक आशीर्वाद, राखून ठेवलेल्यासह.

वेलांटी दिली. मोठ्यानं वाचलं. आतून तुझ्या वहिनीनं ओ दिली.

जेवणाच्या टेबलावरच्या मेणकापडाखाली कागद निघाले. इतके दिवस मी स्वतःवरच ताट ठेवून जेवत होतो. खाकरणारा, शोधणारा, पडद्याआडून डोकावणारा. एका कागदावर मात्र बगळा पुस्तक छातीवर ठेवून झोपला आहे, आणि त्याचा चष्मा कुणीतरी काढून उशाशी घडी घालून ठेवला आहे. मी साऱ्या जगावर संशय घेतला. माझा चष्मा रोज रात्री कोण काढतं, हा प्रश्न मात्र मला कधी पडला नाही.

ती दाराशी उभी होती. अंबाड्यात पेन्सिल नव्हती. मी खिशातलं लाल पेन काढलं. तिचा चेहरा पाहिला आणि पेन तिच्याच हातात दिलं.

तुझ्या साहेबांना शुक्रवारच्या आतच फोन करून तक्रार मागे घेतली. कोण बोलतंय, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, बगळा. ते म्हणाले, आवाजावरून वाटलंच. चित्रकलेच्या बाईंकडेही दिलगिरी व्यक्त केली. मी मान अवघडल्यामुळे पाठ करून बसतो, असं त्या समजत होत्या. त्यांच्या टेबलाच्या खणात माझ्यासाठी मलम आणून ठेवलेलं निघालं.

नववीचं काय करायचं, ते ठरलेलं नाही. वहिनी म्हणते, एकदा स्वतःहून बगळ्याचा आवाज काढून पाहा. सराव चालू आहे.

एक चूक मात्र तोंडीच दाखवली: मोजा माझ्या डाव्या पायात होता, चित्रात उजव्या बाजूला आहे. उत्तर मिळालं, की बगळा आपल्याकडे तोंड करून उभा आहे, त्याचा डावा पाय पाहणाऱ्याला उजवीकडेच दिसणार. एवढं तरी संस्कृतात शिकवत असतील, अशी तिची समजूत होती.

अक्षर वेडंवाकडं आलं आहे, तपासून परत पाठवू नकोस. उभ्यानं लिहितो आहे. एका पायावर. हलायचं नाही, असा स्वयंपाकघरातून हुकूम आहे.

लोभ तू सांभाळ. तोल मी सांभाळतो.

तुझा दादा