माईकवरून राहिलेलं नाव

पिंगळी, २६ एप्रिल

प्रिय माधवी,

अक्षर ओळखलंस का? तीन वर्षांनी लिहितोय, म्हणून विचारलं. तुझा फोन आला की मी तो आईच्या हातात देऊन गोठ्याकडे निघून जायचो, हे तुलाही माहीत आहे आणि म्हशीलाही. इकडं सगळं ठीक आहे. ऊन मी म्हणतंय, आईचे गुडघे कुरकुरतात, पण जीभ ठणठणीत आहे. शाळेतून निवृत्त झालो तरी लग्नातला माईक काही सुटला नाही. पाहुण्यांची नावं पुकारायला अजून बन्सी मास्तरच लागतो.

चाळीस वर्षांत एका पाहुण्याचं नाव चुकवलं नाही, ही माझी मिजास तू लहानपणापासून ऐकलीस. एक नाव मात्र मी तोंडातून काढलंच नाही. तू तिकडं हॉलंडमध्ये रजिस्टर लग्न केलंस आणि मग आम्हाला कळवलंस. तेव्हापासून तुझा नवरा माझ्यासाठी नुसता 'तो सायकलवाला'. शर्यतीत सायकल चालवून कुणाचं पोट भरतं का, असंही मी बोललो होतो.

फेब्रुवारीत किशनकाकाच्या राजेश्रीचं लग्न झालं. आपल्यात घरच्या जावयांना मांडवात फेटे बांधतात, त्यांची यादी आईनं करून दिली होती. पूर्ण्याचे नागनाथराव झाले, गंगाखेडचे भुजंगराव झाले. शेवटच्या ओळीत तिनं लिहिलं होतं, 'माधवीचे मालक'. तिला तरी ते नाव कुठं लिहिता येत होतं? मी ती ओळ गिळली आणि अक्षता वाटायला सांगितलं. आई पंगतीला बसली नाही. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, आपल्या जावयाला नाव न्हाई का हो? मला राग नाही आला, लाज वाटली. भर मांडवात मी माझ्याच माणसाला बिननावाचा करून आलो होतो.

मग त्याचं नाव शिकायचंच म्हणून किशनकाकाच्या मोबाईलवर त्याची शर्यत लावली. पडद्यावर इंग्रजीत नाव आलं, ते मी आपलं मास्तरकीच्या थाटात वाचलं, 'गिज्स हूगेनराड'. शर्यतीचं वर्णन करणारा मात्र भलतंच काही म्हणत होता. शेवटी मोबाईल घेऊन सायकल दुकानाच्या अजीजभाईंकडे गेलो. त्यांनी एकदा ऐकलं आणि पंक्चर काढता काढता म्हणून टाकलं, 'ख़ैस होख़नराट'. वर मलाच शिकवलं, हलक में से निकालो मास्तर, ख़रबूजा बोलते ना, वैसा! माझा ख काही घशात उतरेना. महिनाभर म्हशीपुढं सराव केला. पहिले आठ दिवस ती दचकायची.

आणि खरं सांगू, शर्यतीही बघायला लागलो गं. एकदा तो पावसात दगडी रस्त्यावर पडला, गुडघा फुटला, उठला आणि परत निघाला. शेवटून तिसरा आला. त्या दिवशी मला घास गेला नाही. आई मात्र मनातल्या मनात हसत होती, मला कळत होतं.

परवा किशनकाकाच्याच जीवनचं लग्न झालं. फेट्यांची वेळ आली आणि यादीत न बघता मी पुकारलं, आमचे जावई ख़ैस होख़नराट शर्यतीमुळे येऊ शकले नाहीत, त्यांचा मान त्यांच्या सासूबाई स्वीकारतील. मग मागून अजीजभाईंनी वा मास्तर म्हणून दाद दिली आणि टाळ्या पडल्या. आईनं फेटा पदरात घेतला. त्या दिवशी तिनं दोनदा बुंदी मागून घेतली.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. सतरा मेपासून धोंड्याचा महिना लागतोय. तुझ्या लग्नाच्या वर्षीही धोंडा आला होता. गल्लीतले सगळे जावई सासरी जेवून गेले आणि मी तुम्हाला बोलावलं नाही. हा महिना तीन वर्षांनी एकदा येतो, आणखी तीन वर्षं थांबायची माझी तयारी नाही. जावयाला आमंत्रण सासऱ्यानं द्यायचं असतं, ते फोनवर उरकायला मन धजेना. शर्यतीतून चार दिवस निघत असतील तर दोघं या. आई पुरणाचे धोंडे करील, पाटावर बसवून मी स्वतः वाढीन. माझं चुकलं, माधवी. त्यालाही हे त्याच्या भाषेत समजावून सांग. मला काय म्हणायचं ते त्यानं ठरवावं, पण आप्पा म्हणाला तर मला फार बरं वाटेल.

तुझाच, आणि त्याचाही,
आप्पा