बोर्ड किती वर्षांसाठी?

मूंटा,
२ मार्च

प्रिय टॅम्सिन,

तुझी यादी येऊन तीन आठवडे झाले आणि मी काहीच कळवलं नाही. "बाबा, शनिवारी खेळायचा कंटाळा आला असेल तर सरळ सांग, संगणकावर ढकलू नकोस," हे तुझं वाक्य मी रोज एकदा तरी वाचतो. कंटाळा नाही गं आलेला. तू एवढ्या लांब ब्रूमला गेल्यापासून सगळा आठवडा मी त्या दोन तासांसाठीच काढतो. पडद्यावरच्या शर्यतीत तुझी गाडी पुढे, माझी मागे, आणि मी वळण चुकलो की तुझं ते खिदळणं, "आज किती कुंपणं मोडायचं ठरवलंयस?" म्हणून विचारणं. मी तुला सांगितलं की संगणक जुना झालाय, ऐन वळणावर अडकतो. तू ते खरं मानलंस आणि कुठला प्रोसेसर, कुठला मदरबोर्ड, सगळं पानभर लिहून पाठवलंस. मग मला सामान घ्यायला कडिनाला जाणं भागच पडलं.

तुझ्या वर्गातली केरेन्सा आता तिथलं बापाचं संगणकाचं दुकान एकटीच सांभाळते. मी तुझ्या यादीतला प्रोसेसर हातात घेतला आणि सवलतीच्या फळीवरचा एक बोर्ड. म्हटलं, झालं काम. तिने दोन्ही खोके शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाली, "काका, हे लग्न जमायचं नाही. या बोर्डाची खाच वेगळी, त्यात हा प्रोसेसर बसणारच नाही." मग तिने मला स्टूल दिलं आणि नीट समजावलं. एक रस्ता जुन्या पद्धतीचा. बोर्ड स्वस्त, प्रोसेसर आत्ताच दमदार मिळतो, उरलेल्या पैशांत चांगलं ग्राफिक्स कार्ड येतं. पण त्या बोर्डासाठी यापुढे नवा प्रोसेसर निघणार नाही, जे घ्याल तेच शेवटचं. दुसरा रस्ता नव्या खाचेचा. बोर्ड महाग, त्याला मेमरीही नव्या जातीची लागते, म्हणून आत्ता साध्या प्रोसेसरवर भागवायचं. पण चार वर्षांनी नुसता प्रोसेसर बदलला की तोच बोर्ड पुन्हा पळतो.

"तुम्हाला किती वर्षं चालवायचाय, त्यावर ठरवा," ती म्हणाली. साधा प्रश्न. कोणालाही विचारला असता तिने. मी मात्र दोन्ही खोके तिच्याकडे परत सरकवले. मी म्हणालो, विचार करून येतो. "काका, पंधरा मिनिटं घासाघीस न करता तुम्ही कधी गेला नाहीत, बरं आहे ना?" असं ती मागून म्हणाली, तरी मी वळलो नाही.

गाडीत जाऊन बसलो. बेकरीतून घेतलेली खिम्याची पेस्टी मांडीवर तशीच गार झाली. गेल्या महिन्यात अ‍ॅडलेडला मी जे विचारायचं टाळलं होतं, तेच ही पोरगी दुकानात विचारून मोकळी झाली होती. शेवटी गाडीतूनच अ‍ॅडलेडच्या दवाखान्यात फोन लावला. तिथली नर्स बोलायला शांत आहे. विचारलं, किती वर्षं? ती म्हणाली, "मिस्टर पॅस्को, तारीख मी काय, कोणीच देऊ शकणार नाही. कोणाचं भराभर वाढतं, कोणी गोळ्यांवर वर्षानुवर्षं आपलं आपण सगळं करतात. तुमची तर आत्ता सुरुवात आहे." यात दिलासा किती आणि सवयीचं बोलणं किती, ते मला कळलं नाही. पण मी परत दुकानात गेलो आणि नव्या खाचेचा बोर्ड घेतला, साध्या प्रोसेसरसकट. केरेन्सा म्हणाली, "जोडून देऊ का?" मी नको म्हणालो. पस्तीस वर्षं क्रेन चालवलेल्या माणसाला एवढंसं काम दुसऱ्याकडून करून घ्यायची लाज वाटली.

काल सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बोर्ड मांडला. खाचेवरची दांडी उचलली. आत केसाएवढ्या पिना, शेकडो, आणि त्यांच्यावर प्रोसेसर अलगद, सरळ सोडायचा. मी तो दोन बोटांत धरून वर आणला आणि तसाच थांबलो. हात थांबेना. डाव्या हाताने उजवा मनगटापाशी धरून पाहिला, तरी थांबेना. एक पीन वाकली असती तर बोर्ड गेला असता. प्रोसेसर परत खोक्यात ठेवला आणि झाकण लावून टाकलं.

टॅम्सिन, जुना संगणक कधीच अडकत नव्हता. वळणावर अडकत होता तो माझा उजवा हात. ती कुंपणं मी गमतीने मोडत नव्हतो. डॉक्टरांनी पार्किन्सन्स सांगितलंय. अक्षर मुंगीएवढं झालंय, म्हणून हे पत्र एका बोटाने टाइप केलंय. तुला काळजी नको म्हणून लपवलं, असं मी स्वतःला सांगत होतो; खरं म्हणजे तुला सांगितलं की ते पक्कं होईल, ही भीती होती. चौदा एप्रिलला अ‍ॅडलेडला पुन्हा तपासणी आहे. मागच्या वेळी डॉक्टर बोलत होते आणि मला अर्धंच ऐकू येत होतं. या वेळी माझ्या शेजारच्या खुर्चीवर तू बसशील का? संगणकाचं नंतर बघू. एवढंच विचारायचं होतं, आणि तेवढ्यासाठी तीन आठवडे लागले.

तुझाच,
बाबा