घटस्फोटाच्या फाइलला शुभेच्छा

तीर्थस्वरूप ताई,

तुझ्या धाकट्या भावाचा आणि उरलेल्या अर्ध्या ऑफिसचा साष्टांग नमस्कार. गुडघे कसे आहेत? नात रांगायला लागली, की अजून तुम्हा सगळ्यांनाच रांगायला लावते आहे? सुनेला आशीर्वाद. चिरंजीवांना मात्र काही सांगू नकोस, त्यांच्यावर माझा राग आहे. (कारण पुढे येईलच.) हे पत्र हाताने लिहितोय, कारण कॉम्प्युटरवरून पाठवलं असतं तर आमच्या नव्या यंत्रणेने तुलाही टोकन नंबर दिला असता.

तर यंत्रणा. तू नातीसाठी तिकडे गेलीस आणि तुझ्या चिरंजीवांनी फोनवरून माझे कान भरले. म्हणे, मामा, हल्ली नुसत्या सल्ल्यावर भागत नाही, पक्षकाराला आपलेपणा वाटला पाहिजे. (आपलेपणा कॉम्प्युटरवर बसवून मिळतो, हे मला तेव्हाच कळलं.) मी हुरळलो आणि त्यांनी सुचवलेली यंत्रणा ऑफिसात बसवून घेतली. एकेक फाइल चढवली. प्रत्येकीत ‘महत्त्वाची तारीख’ असा रकाना होता, तोही इमानेइतबारे भरला. घराच्या दाव्यात खरेदीची तारीख टाकली, आणि आपल्या त्या शिक्षिकाबाईंच्या घटस्फोटाच्या फाइलमध्ये, दुसरी कुठली टाकणार, लग्नाची टाकली.

परवा नेमकी ती तारीख उगवली आणि सकाळीच यंत्रणेने बाईंना परस्पर मेसेज धाडला, ‘आजच्या आनंदाच्या दिवशी हार्दिक शुभेच्छा! असाच सहवास लाभो.’ फाइलमध्ये नवरोबांचाही नंबर होता (मीच घातला होता, काम कसं चोख हवं), म्हणून त्यांनाही. दुपारच्या आत दोघं हजर. कोर्टात एका बाकावर न बसणारी ही माणसं खांद्याला खांदा लावून माझ्यावर तुटून पडली. नवरोबा म्हणाले, "ही काय चेष्टा लावलीय?" आणि बाई म्हणाल्या, "अगदी बरोबर विचारताय तुम्ही." त्या दोघांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. मी पाणी दिलं, हात जोडले, तेवढ्यात दोघांचे फोन एकदम वाजले. आजच्या भेटीला किती तारे द्याल, असं यंत्रणा विचारत होती. दोघांनी एकेक दिला. यंत्रणेने मनापासून आभार मानले.

नवरोबा तणतणत गेले, पण बाई थांबल्या. स्टूल ओढून सवयीने तुझ्या टेबलाकडे तोंड करून बसल्या आणि म्हणाल्या, "ताई कधी येणार?" मी म्हटलं, मला सांगा ना, मीही वकीलच आहे. त्यांनी सुरुवात केली आणि मी पेन उघडलं. बाई गप्प. तू समोरच्याचं बोलून होईपर्यंत पेनाचं टोपण काढायची नाहीस, ते मला आठवलं. मी घाईघाईने टोपण लावलं, चेहरा शक्य तितका शांत केला (आरशात पाहिलं नाही, पण दातदुखीसारखा दिसला असावा), तरी बाई म्हणाल्या, "राहू द्या, तुम्ही कामात असाल." मला काहीएक काम नव्हतं गं.

संध्याकाळी दिवे लावताना अजूनही तोंडातून निघून जातं, ‘चहा सांगू का?’ मग मी एकट्यापुरता सांगतो. तुझी फार आठवण येते, ताई. बाकी ऑफिस झकास चाललंय. नातीला सोडून यायचा विचारसुद्धा मनात आणू नकोस. मी काही लहान नाही.

तुझा,
भाऊ

ता. क. चिरंजीवांवरचा राग गेला. त्यांना इतकंच विचार की ही यंत्रणा बंद कशी करतात.

आणखी एक ता. क. ही यंत्रणा दर सोमवारी तुझं नाव दाखवते आणि विचारते, ‘हे सदस्य बरेच दिवस आलेले नाहीत. नाव काढून टाकायचं का?’ खाली दोन बटणं, ‘हो’ आणि ‘नंतर विचारा’. मी दर सोमवारी ‘नंतर’ दाबतो. काय दाबायचं ते फोनवर सांगू नकोस, फोनवरचं मला नीट कळत नाही. तू स्वतः येऊन दाब. ‘हो’ दाबणार असशील, तर मात्र येऊ नकोस.